मांडव्याचा सूळ आणि कलम २१

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीची गोष्ट येते. मौन धरून, हात वर करून तो आश्रमाच्या दारातल्या झाडाखाली तप करत उभा होता. राजाचे शिपाई मागे लागलेले चोर मुद्देमालासकट त्याच्या आश्रमात शिरले. शिपायांनी विचारलं, चोर कुठल्या वाटेनं गेले? ऋषी मौनात, म्हणून उत्तर नाही. झडतीत चोरही सापडले आणि मालही. बोलत नाही म्हणजे हाही सामील, असा हिशेब झाला आणि राजानं चोरांबरोबर त्यालाही सुळावर दिलं.

मांडव्य मेला नाही. राजाला चूक कळली, तो धावत आला, पाया पडला. सूळ काही निघेना, तेव्हा तो कापला. आतलं टोक शरीरातच राहिलं आणि ते घेऊनच ऋषी हिंडत राहिला, म्हणून त्याचं नाव पडलं अणीमांडव्य (अणी म्हणजे टोक). पुढे तो थेट यमधर्माकडे गेला. माझा अपराध काय? उत्तर मिळालं, लहानपणी तू पतंगांना गवताची काडी टोचली होतीस. एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? मांडव्यानं धर्मालाच शाप दिला (त्यातून विदुर जन्माला आला) आणि नियम घालून दिला की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातून घडलेलं पाप म्हणून मोजायचं नाही.

फाशीच्या शिक्षेविरुद्ध आज न्यायालयात जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं या गोष्टीत येऊन गेलं आहे. घाईचा तपास, गप्प बसण्यालाच कबुली समजणं, अपराधाच्या मानाने भलती शिक्षा, आरोपीचं वय, आणि माफी मागितल्यावरही आत राहिलेलं टोक. आपल्याकडे म्हणही आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. ही म्हण आपण ऑफिसात दुसऱ्याच्या चुकीबद्दल बोलणी खावी लागली की वापरतो. तिचा शब्दशः अर्थ महाराष्ट्रात अगदी अलीकडे खरा होता होता राहिला.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर हल्ला झाला. खून, बलात्कार, लूट. कुणाचंही रक्त उसळावं असा प्रकार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उलट केलं आणि पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. मग कळलं की त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांच्या आतला होता. आणि मार्च २०१९ मध्ये, पुनर्विलोकनात, त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांकडचे फोटो पाहून सुरुवातीला वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, त्या धाग्याचा नीट तपासच झालेला नव्हता. राज्य सरकारनं प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. तोवर त्यांची जवळजवळ सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. मधल्या काळात कुणी चपळाईनं दोर ओढला असता, तर ५ लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

आता राज्यघटनेकडे वळू. फाशीविरोधक सहसा जे मोठ्यानं म्हणत नाहीत ते आधी मान्य करून टाकतो. भारताच्या राज्यघटनेत फाशीला मनाई नाही. कलम २१ म्हणतं की कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. याचा सरळ अर्थ, पद्धत पाळली तर जीवित घेता येतं. कलम ७२ राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकाराबद्दल आहे आणि त्यात मृत्युदंडाचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना फाशी ठाऊक होती आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.

मग घटनात्मक आक्षेप उभा कशावर राहतो? 'पद्धत' या एका शब्दावर. १९७८ च्या मनेका गांधी निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिलेली कुठलीही पद्धत चालणार नाही. ती न्याय्य, रास्त आणि मनमानीपासून मुक्त हवी. याला कलम १४ ची, म्हणजे कायद्यापुढच्या समानतेची, जोड द्या. प्रश्न असा होतो: कुणाला फाशी आणि कुणाला जन्मठेप, हे ठरवायची आपली पद्धत मनमानीपासून मुक्त आहे का?

कायद्याचा कल या बाबतीत हळूहळू उलटा झालेला आहे. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी हा रिवाज होता. फाशी द्यायची नसेल तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. १९५५ मध्ये ती अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं उलटी अट घातली, फाशी द्यायची असेल तर 'विशेष कारणं' लिहा. जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी अपवाद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

१९८० मध्ये बचन सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं फाशी घटनेत बसते असं ठरवलं. 'दुर्मिळातले दुर्मीळ' हा शब्दप्रयोग तिथला. वर्तमानपत्रांनी तो 'अतिशय क्रूर गुन्हा' या अर्थानं इतका वापरला की मूळ अटीचा दुसरा अर्धा भाग विसरला गेला. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तरच फाशी द्यावी. गुन्हा किती भयानक, एवढंच पाहून भागत नाही. गुन्हेगार कोण, कुठल्या परिस्थितीतून आला, सुधारू शकेल का, हेही पाहायचं. आणि तो सुधारूच शकत नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची.

या निकालात एकट्यानं वेगळं मत दिलं ते न्या. पी. एन. भगवती यांनी. त्यांचा सविस्तर निकाल दोन वर्षांनी, १९८२ मध्ये आला. त्यांचा मुख्य मुद्दा साधा होता: जगणं किंवा मरणं हे खटला कुठल्या न्यायाधीशापुढे गेला यावर ठरत असेल, तर ती शिक्षा मनमानीच. हे हवेतलं बोलणं नव्हतं. त्याच वर्षी हरबन्स सिंग खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उत्तर प्रदेशातल्या एका हत्याकांडात तिघांना सारख्याच सहभागासाठी फाशीची शिक्षा झाली होती. तिघांचे अर्ज वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. पहिल्याचा फेटाळला. दुसऱ्याची जन्मठेप झाली. तिसऱ्याचा फेटाळला. पहिला ६ ऑक्टोबर १९८१ ला फासावर गेला. तिसरा त्याच दिवशी जायचा होता, पण ऐनवेळी त्याच्या याचिकेवर स्थगिती मिळाली आणि सुनावणीत हा घोळ न्यायालयाच्या ध्यानात आला. न्यायालयानं राष्ट्रपतींना त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस केली. पहिल्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट 'रावजी' निकालाची. राजस्थानातल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नाही. बचन सिंग निकालाच्या हे सरळ विरुद्ध. आरोपीला १९९६ मध्ये फाशी झाली. नंतरच्या अनेक निकालांनी हाच धडा गिरवला, नाशिकच्या खटल्यातल्या २००९ च्या निकालानंसुद्धा. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कबूल केलं की रावजी निकाल घटनापीठाचं म्हणणं ध्यानात न घेता दिला गेला होता. मुलाचं गणित चुकलं तर खोडरबर असतं. इथे २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की अशा चुकीच्या आधारावर फाशीची शिक्षा झालेल्या तेरा जणांना तरी वाचवा.

गरिबीचा मुद्दाही समानतेतच येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. चांगला वकील पहिल्या दिवसापासून लागतो, साक्षीदाराची उलटतपासणी सत्र न्यायालयातच व्हावी लागते. ती तिथे झाली नाही तर पुढे दिल्लीत कितीही मोठा वकील मिळाला तरी कागदावर आलं नाही ते आलं नाहीच.

चहाच्या टपरीवर मात्र पहिला प्रश्न हमखास येतो: फाशी नाही दिली तर चौदा वर्षांनी सुटेल ना तो? नाही. कायद्यात जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षांआधी सवलत देताच येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ; चौदानंतर सोडलंच पाहिजे असं कुठे नाही. शिवाय २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून न्यायालय 'पंचवीस वर्षं सवलत नाही', 'तीस वर्षं नाही' किंवा 'मरेपर्यंत नाही' असं सांगू शकतं, आणि २०१५ मध्ये घटनापीठानं हे उचलून धरलं. माझ्या मते बचन सिंग निकालाची अट इथेच अडते. मरेपर्यंत कोंडून ठेवायची सोय असताना 'दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद' कसा म्हणायचा?

धर्मांचं काय? फाशीविरोधी भाषणांत 'सर्व धर्म दया शिकवतात' असं गुळमुळीत वाक्य येतं. ते खरं नाही, निदान इतकं सरळ नाही. मनुस्मृती देहदंड सांगते, वर असंही म्हणते की राजानं दंड दिलेला पापी शुद्ध होऊन स्वर्गात जातो. आणि त्याच आठव्या अध्यायात ब्राह्मणासाठी देहदंडाच्या जागी डोक्याचं मुंडण सांगितलं आहे. केस जातील, जीव राहील. कलम १४ कुणाला उत्तर म्हणून लिहिलं गेलं, हे समजायला हा एक श्लोक पुरे.

पण त्याच परंपरेत शांतिपर्वातला द्युमत्सेन आणि सत्यवानाचा संवादही आहे. वडाच्या फेऱ्यांमुळे सत्यवान आपल्याला नवरा म्हणून ठाऊक. यमाच्या दारातून परत आलेला हा माणूस देहदंडाविरुद्ध बोलतो, हे फारसं कुणी सांगत नाही. बाप द्युमत्सेन राजा आहे, त्यानं काही जणांना वधाला पाठवलं आहे. मुलगा म्हणतो, वध हा धर्म होऊ शकत नाही. एका चोराला मारलंत की त्याची बायको, आई, बाप, पोरं यांनाही मारता, आणि त्यांचा दोष काहीच नसतो. शिवाय वाईट माणूस कधी कधी साधूच्या संगतीनं सुधारतो, वाईटाच्या पोटी चांगली संतती येते. मूळच उपटलं तर हे सगळं संपतं. दंड करा, कोंडा, पण मारू नका. बापाचं उत्तरही दुबळं नाही. पूर्वी नुसतं 'धिक्कार' म्हटलं तरी पुरे, मग खडसावावं लागू लागलं, मग दंड वसूल करावा लागला, आता वधाशिवाय लोक ऐकत नाहीत, असं तो म्हणतो. टीव्हीवरची कुठलीही चर्चा लावा, दोन्ही बाजू एवढ्याच निघतील.

यहुदी परंपरेचा मार्ग वेगळा. तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथात देहदंड पानोपानी आहे, तो खोडणं शक्य नव्हतं. म्हणून रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, पुराव्याच्या अटी इतक्या कडक केल्या की शिक्षा देणं जवळजवळ अशक्य व्हावं. मिश्ना या रब्बींच्या मतांच्या जुन्या संग्रहात म्हटलं आहे, सात वर्षांत एकाला मारणारं न्यायमंडळ विनाशक ठरतं. दुसरा म्हणतो, सत्तर वर्षांत एकाला. रब्बी तर्फोन आणि रब्बी अकिवा म्हणतात, आम्ही तिथे असतो तर कुणालाच मारलं नसतं. तेवढ्यात तिसरा टोमणा मारतो की अशानं तुम्ही देशात खुनी वाढवले असते. संपादकांनी हा टोमणाही ग्रंथात राहू दिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

इस्लाममध्ये खुनाचा बदला हा मृताच्या वारसांचा हक्क मानला जातो, पण माफ करण्याचा किंवा भरपाई घेण्याचा हक्कही त्यांचाच, आणि कुराण माफीला पुण्य म्हणतं. याला फाशीविरोध म्हणता येणार नाही. मात्र दोर राज्याच्या हातातून काढून दुःख झालेल्या माणसाच्या हातात देणारी ही वाट आहे, आणि तिचा धोका उघड आहे, कारण पैसेवाल्याला माफी विकत घेता येते. ख्रिस्ती चर्चनं शतकानुशतकं देहदंड मान्य केला. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिकवणीतला परिच्छेद बदलून तो अग्राह्य ठरवला. माणसाची प्रतिष्ठा मोठ्यातल्या मोठ्या गुन्ह्यानंतरही जात नाही, हे कारण देऊन. वसईत किंवा गोव्यात वाटेवर क्रूस दिसतो, तो मुळात देहदंडाचंच हत्यार होतं, हे लक्षात घेतलं तर चर्चला इतका वेळ का लागला याचं नवल वाटतं.

आपले संतही एका सुरात बोलत नाहीत. पसायदानात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांची 'व्यंकटी सांडो' एवढंच मागणं आहे. पण तुकोबांनी दयेची व्याख्याच 'भूतांचें पाळण, आणिक निर्दळण कंटकांचें' अशी केली. फाशीच्या बाजूचा माणूस हा चरण काढणार आणि त्याला तो अधिकार आहे. मी एवढंच विचारेन की कंटक कोण हे ठरवायला तुकोबांसमोर उलटतपासणी न झालेला साक्षीदार होता का?

धर्म आणि घटना या दोन्ही वाटा जिथे मिळतात ती जागा ३ जून १९४९ ची आहे. घटना समितीत चर्चा चालू होती की फाशीच्या प्रत्येक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावं का. डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील. कारण त्यांनी दिलं ते असं की हा देश एकंदरीत अहिंसेचं तत्त्व मानतो, ती त्याची जुनी परंपरा आहे. लोक प्रत्यक्षात पाळत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून ती मानतात. ब्राह्मणाला मुंडण आणि इतरांना मरण अशी व्यवस्था लिहिणारा ग्रंथ ज्यांनी १९२७ मध्ये महाडला जाळला, त्यांनी त्याच देशाच्या परंपरेतून नेमकं हे तत्त्व उचललं. ते घटनेत मात्र आलं नाही.

या भूमिकेची महाराष्ट्रातली खरी कसोटी खैरलांजीला लागली. २००६ मध्ये तिथल्या दलित कुटुंबाची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी दिली आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. आंबेडकरी चळवळीत संताप उसळला. बाबासाहेबांचं भाषण दाखवून त्या संतापाला गप्प करणं मला तरी जमणार नाही. बळी दलित असला की मगच न्यायालयाला दया कशी सुचते, हा प्रश्न त्यामागे होता, आणि हा प्रश्नसुद्धा शेवटी समानतेचाच आहे. कोपर्डीनंतरच्या मोर्च्यांतही फाशीची मागणी होती. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं 'शक्ती' विधेयकात अत्याचाराच्या गुन्ह्यांसाठी फाशी घातली, तीही एकमतानं. लोकांना राग आहे आणि तो खोटा नाही. विधी आयोगानं १९६७ मध्ये फाशी ठेवा म्हटलं होतं, न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध वगळता ती रद्द करा म्हटलं. सरकारनं ते ऐकलं नाही.

प्रत्यक्षात आपण काय करतो? २००० नंतरच्या वीस वर्षांत भारतात आठ जणांना फाशी झाली. त्यातले दोघे महाराष्ट्रात, २०१२ मध्ये येरवड्यात आणि २०१५ मध्ये नागपुरात. उलट २०२३ अखेर फाशीची शिक्षा डोक्यावर असलेले कैदी ५६१ होते. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला फाशीपेक्षा तिची वाटच येते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात दोषी ठरलेल्या दोघी बहिणींचा दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर जवळपास आठ वर्षं पडून राहिला आणि त्या विलंबापायी मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी जन्मठेपेवर आणली. या विलंबाचं तत्त्व २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात पक्कं झालं होतं.

त्या निकालात आणखी एक छोटी सूचना आहे, पण ती सांगण्याआधी अशोकाची आठवण. अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात राजा सांगतो की न्यायदानात समता आणि दंडात समता असावी, आणि मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची सवलत द्यावी, म्हणजे नातेवाइकांना त्यांच्या जिवासाठी रदबदली करता येईल किंवा कैद्याला परलोकासाठी दान-उपवास करता येतील. कलिंगानंतरच्या अशोकानंही फाशी बंद केली नाही, फक्त तीन दिवस दिले. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये चौदा दिवस दिले. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान इतके दिवस जावेत, म्हणजे त्याला मनाची तयारी करता येईल, मृत्युपत्र करता येईल आणि, निकालातच लिहिलंय, देवाशी समेट करता येईल.